हलगा–मच्छे बायपास: वडगाव शिवारातल्या ५२ गुंठ्यांचं प्रकरण

सकाळी साडेनऊच्या सुमाराला खानापूर रोडवर उद्यमबागच्या अलीकडे दहा मिनिटं उभं राहिलं, की बेळगावला बायपास का हवा हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. गोव्याकडे निघालेले ट्रक आणि टँकर, शाळेच्या रिक्षा, कामावर निघालेल्या मोटारसायकली, पणजीच्या बाजाराला जाणाऱ्या भाजीच्या गाड्या, सगळं त्या एकाच रस्त्यावर. माझ्या दाजींचं उद्यमबागेत मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग आणायचं, त्यावर काम करून माल गाडीत भरायचा, आणि ती गाडी शहरातून बाहेर पडेपर्यंत घड्याळ बघत बसायचं. बायपास कधी होणार, हा त्यांचा कित्येक वर्षांचा प्रश्न.

माझ्या मामांचं शेत वडगाव शिवारात आहे. हलगा–मच्छे बायपासची रेषा त्या शेताच्या पोटातून जाते.

मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सतरा वर्षं रस्त्यांच्या मोजणीचं आणि आराखड्याचं काम केलं. त्यामुळे घरात जेवायला बसलं की दाजी आणि मामा दोघंही मलाच धारेवर धरतात. दोघांचं बरोबर आहे, असं मी आजही मानतो. मोठ्या रस्त्याची जागा शहर वाढायच्या आधी राखून ठेवायची असते, आणि त्या जागेच्या मोलाचे पैसे तेव्हाच बाजूला काढायचे असतात. ते झालं नाही, की रस्ता शहराच्या मागे धावत सुटतो आणि शेवटी जिथं घरं नाहीत तिथून जातो. बेळगावच्या दक्षिणेला घरं नसलेली जागा म्हणजे बासमतीची जमीन.

रेषा इथंच का आली

पुणे–बंगळूर रस्ता एके काळी गावातूनच जायचा. जुना पी. बी. रोड हे नाव अजून तोंडात आहे. पुढं महामार्ग शहराच्या पूर्वेच्या अंगानं बाहेर निघाला आणि सुवर्ण चतुष्कोनाच्या कामात रुंद झाला. त्यानंतर शहर त्याच्या भेटीला गेलं. २०१२ साली हलग्याजवळ महामार्गाला लागूनच सुवर्ण विधानसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, उभा राहिला, मग आजूबाजूच्या जमिनींचे प्लॉट पडायला लागले. पश्चिमेला कॅम्प, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, लष्कराची जमीन. तिकडं शहराला पसरता येत नाही. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या घरात होती, आणि ही माणसं राहायला गेली ती मुख्यतः दक्षिणेला आणि पूर्वेला.

गोव्याचा रस्ता, म्हणजे जुना राष्ट्रीय महामार्ग ४ए आणि आताचा ७४८, शहरातून नैऋत्येला खानापूरकडे निघतो. पुण्याकडून किंवा धारवाडकडून आलेल्या गाडीला गावात न शिरता त्या रस्त्याला लागायचं, तर हलग्यापासून मच्छेपर्यंत साडेनऊ किलोमीटरच्या आसपासचा तुकडा जोडावा लागतो. तो जातो शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर अशा शिवारांतून. नकाशा समोर ठेवून कुणीही पट्टी ठेवली तर रेषा इथंच येईल. म्हणूनच म्हणतो, महामार्ग पूर्वेला बाहेर काढला तेव्हाच ही दुसरी रेषा दिसायला हवी होती. तेव्हा ती थोडी वर-खाली सरकवायला जागा होती. नाला टाळता आला असता, चांगल्या जमिनीच्या कडेनं जाता आलं असतं. आता एका बाजूला वसाहती आणि दुसऱ्या बाजूला गावठाणं. मधे उरलं ते शिवार.

हे शिवार कसलं आहे ते बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. काळी माती, पावसाळ्यात भात, भात कापला की त्याच ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा. पाण्याची सोय असेल तिथं कोबी, फ्लॉवर, कोथिंबीर. बेळगावचा बासमती शिजायला लागला की शेजारच्या घरात वास जातो. गोव्याच्या बाजारात जी भाजी जाते तिचा मोठा वाटा बेळगावच्या याच भागातून जातो. म्हणजे ज्या रस्त्यानं भाजी लवकर पोचावी, तो रस्ता भाजीच्याच वाफ्यावरून जातोय. आणि या सगळ्यातून बळ्ळारी नाला वाहतो. दर पावसाळ्यात तो फुगतो, भात पाण्याखाली जातं, कधी दुबार पेरणी करावी लागते. नाल्याची ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे.

एकवीस दिवस

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची तर १९५६ चा कायदा लागू होतो. कलम ३ए ची अधिसूचना निघते, त्यात सरकार म्हणतं की आम्हाला ही जमीन हवी आहे. तिचा सारांश दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावा लागतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत ३सी खाली हरकत घ्यायची. हरकतींची सुनावणी झाली की ३डी ची घोषणा होते आणि त्या क्षणी जमीन सरकारजमा होते. ३ए पासून वर्षभरात ३डी झाली नाही तर पहिली अधिसूचना आपोआप रद्द होते. हा शेवटचा नियम चांगला आहे, पण तो माहीत असलेला शेतकरी मला क्वचितच भेटला.

आमच्या मामांना कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं. वाचता येत नाही. ते मराठी चौथीपर्यंत शिकले. एका दुपारी शेजारच्या बांधावरचा मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला, कन्नडमधलं, आर. एस. नंबरांची, म्हणजे जमिनीच्या सर्व्हे नंबरांची, लांबलचक यादी. त्यात आपला नंबर आहे की नाही हे बघायलाच दोन दिवस गेले, कारण मामांच्या उताऱ्यावर जुन्या नंबराचा पोटहिस्सा वेगळ्या तऱ्हेनं लिहिलेला होता. मी तेव्हा सोलापूरकडे कामावर होतो. मला फोन आला तोवर अकरा दिवस उलटले होते.

इथं चूक झाली आणि ती आमची झाली. सगळ्या गल्लीनं मिळून एकच अर्ज तयार केला होता, तोच मामांनी सही करून दिला. त्यात एकच वाक्य होतं, जमीन सुपीक आहे, आम्ही देणार नाही. वाक्य खरं होतं. पण अशा हरकतीला सुनावणीत उत्तर देणं फार सोपं असतं, प्रकल्प सार्वजनिक हिताचा आहे एवढं लिहिलं की हरकत निकालात निघते. मी तिथं असतो तर वेगळं लिहिलं असतं. पाणी कुठून कुठं वाहतं, बांधावरून ट्रॅक्टर कुठल्या वाटेनं येतो, रस्ता झाल्यावर उरलेल्या तुकड्यात कसं जायचं, रस्त्याखालून पाणी जायला मोऱ्या किती आणि कुठं लागतील. या प्रश्नांना इंजिनियरला आकडे आणि नकाशे देऊनच उत्तर द्यावं लागतं. हरकत फेटाळली गेली तरी ते कागदावर येतं, आणि कागदावर आलेलं कोर्टात उपयोगी पडतं.

शेतकऱ्यांनी कोर्टात नेलेला मुद्दा निराळाच होता आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. महामार्ग ४ए चा झिरो पॉइंट, म्हणजे रस्ता जिथून मोजायला सुरुवात होते ती जागा, कुठं? त्यांचं म्हणणं, तो शहरात फिश मार्केटजवळ आहे, हलग्याला नाही. मग हलग्यापासून सुरू होणारा हा तुकडा त्या महामार्गाचा भाग कसा? वरवर तांत्रिक दिसणारा हा प्रश्न खरं तर नियोजनाचा आहे. रस्ता आधी ठरला असता, नकाशावर त्याचा आरंभ आणि शेवट लोकांसमोर मांडला असता, तर मैलाच्या दगडावरून एवढी वर्षं भांडावं लागलं नसतं. स्थगिती, पुन्हा सुनावणी, पुन्हा काम, असं चालत राहिलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलिस बंदोबस्तात यंत्रं शिवारात उतरली. नोव्हेंबर म्हणजे भात कापणीचे दिवस. पीक उभं होतं.

५२ गुंठे

मामांचं शेत एक एकर बारा गुंठे, म्हणजे ५२ गुंठे. रस्त्याची रेषा त्यातून तिरकी गेली. १९ गुंठे रस्त्यात. उत्तरेला २४ गुंठे राहिले, दक्षिणेला ९. हे ९ गुंठे त्रिकोणी आहेत, एका टोकाला बैलजोडीसुद्धा वळत नाही. विहीर उत्तरेच्या तुकड्यात, नाल्याकडची खोलगट जमीन दक्षिणेच्या.

भरपाई मोजली गेली १९ गुंठ्यांची. कायद्यात ३जी कलमात स्पष्ट लिहिलंय की जमीन तोडल्यामुळे उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं तेही भरपाई ठरवताना विचारात घ्यायचं. त्यासाठी ताबा घेताना उरलेल्या तुकड्याची अवस्था नोंदवली गेली पाहिजे. आमच्या पंचनाम्यात त्या ९ गुंठ्यांचा उल्लेखच नव्हता. मोजणीला आलेल्या माणसाला मामांनी विचारलं, तर तो म्हणाला, ते तुमचंच आहे की, त्याचे पैसे कसले? त्याच्या दृष्टीनं ते खरं होतं. त्याला रस्त्यातली जागा मोजायला पाठवलं होतं, उरलेल्या जागेची चौकशी करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग उताऱ्याचा घोळ. उताऱ्यावर सात नावं, त्यातली तीन माणसं कधीच वारलेली. पणजोबांच्या एका मुलीचं घर गोकाककडे, तिच्या मुलांची नावं लागलेली नाहीत. रक्कम जमा झाली तरी कुणाचा हिस्सा किती हे ठरेना, आणि असा वाद असला की तो दिवाणी कोर्टाकडे जातो. मामांना पैसे हातात पडायला वर्षं गेली. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांना वेगवेगळ्या दरानं पैसे मिळण्याची शक्यताही याच कायद्यात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली वाढीव भरपाई महामार्गांच्या जमिनींना १ जानेवारी २०१५ पासून लागू झाली. त्याच्या आधीच्या निवाड्यांना दिलासा मिळाला तो सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर २०१९ च्या निकालातून. दर मान्य नसेल तर लवादाकडे जायचं, आणि तो लवाद केंद्र सरकार नेमतं. जमीन घेणारा आणि लवाद नेमणारा एकच असावा हे मला आजवर पटलेलं नाही.

पण मामांना पैशापेक्षा जास्त छळलं ते पाण्यानं. भराव टाकला त्या पहिल्याच पावसाळ्यात मी शेतावर गेलो होतो. आधी पाणी नाल्यातून चढायचं, पसरायचं आणि दोन-तीन दिवसांत ओसरायचं. आता भरावाच्या उत्तरेला ते गुडघाभर थांबलं होतं. भाताची पात पाण्यावर तरंगत होती, मुळाशी हात घातला तर रोप सहज उपटून आलं, कुजलेलं. एक पाइप मोरी होती, शेताच्या पातळीपेक्षा वितीभर उंच. म्हणजे पाणी आधी वीतभर साठायचं, मगच पलीकडे जायचं. मामा बांधावर उभे होते, डोक्यावर पोत्याची खोळ. मला म्हणाले, “रस्ता करा की, नको कोण म्हणतंय. पन हे पानी कुनाला सांगू मी?”

मोरीचा तळ वितीभर खाली घेणं हा कामाच्या वेळी अर्ध्या दिवसाचा प्रश्न होता. भराव झाल्यावर तो उकरायला परवानग्या लागतात.

पैसा कुठून येतो आणि कधी येतो

बेळगाव–खानापूर हा टप्पा ज्या पद्धतीनं हाती घेतला तिला हॅम (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेल) म्हणतात. २०१६ पासून ती देशभर रुळली. कामाच्या काळात सरकार ठेकेदाराला खर्चाच्या ४० टक्के रक्कम देतं, उरलेले ६० टक्के ठेकेदार स्वतः उभे करतो आणि ते त्याला साधारण पंधरा वर्षांत हप्त्यानं परत मिळतात. टोल सरकार गोळा करतं. या पद्धतीत बँकेचा आणि ठेकेदाराचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला असतो, जमीन किती हातात आहे. कामाचा अधिकृत दिवस मोजायला ८० टक्के जागा ताब्यात असावी असा करार असतो. मग उरलेली २० टक्के काम चालू असताना घेतली जाते, आणि वादाची जागा नेमकी त्याच २० टक्क्यांत असते. घाईनं भराव पडतो तो तिथंच. मोरीच्या पातळीचा विचार त्या घाईत कोण करणार?

यात जमिनीचा पैसा कधी येतो ते बघा. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात महाग झाल्यावर. २०१७ साली भारतमाला या केंद्राच्या महामार्ग योजनेचा पहिला टप्पा मंजूर झाला, ३४,८०० किलोमीटर आणि ५ लाख ३५ हजार कोटी रुपये. पुढं अंदाज जवळजवळ दुपटीला गेला, आणि त्याचं मोठं कारण जमिनीचे दर. मार्च २०२२ अखेर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणावर सुमारे ३ लाख ४८ हजार कोटींचं कर्ज होतं. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकरातून रस्त्यांसाठी निधी २००० सालच्या कायद्यापासून वेगळा काढला जातो, पण पुढच्या वीस वर्षांच्या रेषा आजच विकत घेऊन ठेवायच्या हे कुणाच्या हिशेबात नसतं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण बंगळूरचं. तिथल्या पेरिफेरल रिंग रोडची ७३ किलोमीटरची रेषा २००७ मध्ये अधिसूचित झाली. २०२४ मध्ये त्याचा खर्च २७,००० कोटींच्या आसपास सांगितला गेला, त्यातले सुमारे २१,००० कोटी जमिनीचे. सतरा वर्षं त्या रेषेतल्या शेतकऱ्यांना धड विकता आलं नाही, धड बांधता आलं नाही. जागा राखायची पण पैसे ठेवायचे नाहीत, हा दुसऱ्या टोकाचा अन्याय. कर्नाटकच्या नगररचना कायद्यानुसार मास्टर प्लॅनमध्ये राखलेली जमीन पाच वर्षांत संपादित केली नाही तर ते आरक्षण संपतं. महाराष्ट्रात दहा वर्षांनी मालक नोटीस देऊन जागा सोडवून घेऊ शकतो. दोन्हीकडे कायदा सांगतो तेच, आरक्षणाबरोबर पैसा हवा.

अहमदाबादनं निराळं केलं. तिथला ७६ किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड नगररचना योजनांच्या आधारानं झाला. प्रत्येक शेतकऱ्याच्या जमिनीचा ठरावीक हिस्सा रस्त्याला जातो, उरलेली जमीन आखीव प्लॉट म्हणून परत मिळते, तिचा भाव वाढतो. कुणाचे १९ गुंठे जातात आणि शेजाऱ्याचा एकही जात नाही, असं होत नाही. पद्धत न्यायाची आहे. पण मामांना मी ती समजावून सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं, म्हंजे शेत न्हाई राहणार, प्लाट राहणार? हो म्हटलं. ते गप्प बसले. ज्याला भातच पिकवायचाय त्याच्यासाठी ही योजना पुरी पडत नाही. माझ्या मते बेळगावच्या दक्षिणेला दोन्ही लागेल. वसाहतीला टेकलेल्या पट्ट्यात नगररचना योजना, आणि त्याच्या पलीकडे शेतीची हद्द पक्की करून रस्त्यापुरती जागा एकरकमी, आजच्या दरानं खरेदी. समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरला महाराष्ट्रानं थेट खरेदीचा मार्ग वापरला. त्यातही वाद झाले, पण सही करताना शेतकऱ्याच्या हातात चेक होता. आमच्या शिवारात तसं झालं असतं तर मामांचा अर्धा राग तरी कमी झाला असता.

आता रिंग रोड

हलगा–मच्छेचं भांडण संपायच्या आतच शहराभोवतीच्या रिंग रोडची रेषा आली, सुमारे सत्तर किलोमीटरची, तीसच्या वर गावांतून. कडोली, अगसगे, मुतगा, धामणे इथल्या बैठका मी पाहिल्यात. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेतकऱ्यांनी बैलगाड्या आणि चाबूक घेऊन जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. दाजी म्हणतात, एकदा रिंग रोड झाला की पुढची पन्नास वर्षं बघायला नको. मला ते पटत नाही. बंगळूर महामार्गाबद्दलही असंच म्हटलं गेलं होतं, आणि आज तो दोन्ही बाजूंनी भरलाय. रिंग रोडच्या कडेला काय बांधू द्यायचं आणि काय नाही हे आधी ठरलं नाही तर वीस वर्षांत तिसऱ्या बायपासची मागणी येईल, आणि तोवर शिवारही शिल्लक नसेल.

गेल्या वैशाखात रेषेवरच्या एका गावात बोलावणं आलं. देवळाच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं, त्यात कॉलेजातली चार पोरं. मी येताना मामांनाही बरोबर घेतलं होतं. गावाचा नकाशा आठ कागद चिकटवून मोठा केलेला. पोरांनी आधी कन्नड नोटीस वाचून मराठीत सांगितली, मग प्रत्येकाचा नंबर उताऱ्याशी ताडून पाहिला. ज्यांच्या उताऱ्यावर वारलेल्या माणसांची नावं होती त्यांची वेगळी यादी केली, वारसा नोंद आधी करून घ्यायची म्हणून. त्यानंतर लाल पेन्सिल म्हाताऱ्यांच्या हातात दिली आणि विचारलं, मिरगाच्या पावसात पाणी कुठून येतं, कुठं जातं, ते काढा.

पहिल्यांदा कुणी पुढं येईना. मग मामा उठले. गाव त्यांचं नव्हतं, शिवार ओळखीचं नव्हतं. नकाशावर वाकून त्यांनी नाल्याच्या रेघेवर बोट ठेवलं आणि शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाले, “पावनं, हितं रस्ता आडवा येनार. मोरी किती खाली पायजे, ते आत्ताच ल्हिवून घ्या.” म्हातारबाबांनी पेन्सिल घेतली. रात्री साडेदहाला आम्ही निघालो तेव्हा नकाशावर दोन ओढे, सहा वाटा आणि एक जुनी पाणंद लाल झाली होती. प्रत्येक खुणेच्या शेजारी आर. एस. नंबर होता आणि पोरं त्याच्याखाली हरकतीचा मजकूर लिहीत होती, एका शेताला एक अर्ज, प्रत्येकाचा वेगळा.